मशीन कुठे अडतं ते आधी बघा, बोर्डाचं नंतर

यावल तालुक्यातल्या एका ताईंनी विचारलं आहे. सहा वर्षांचं, साडेसहा किलोचं, वरून झाकण असलेलं फुल ऑटोमॅटिक मशीन. चालू केलं की दिवे लागतात, आतलं चाक दोन-तीनदा हलतं, पाणी बारीक धारेनं पडायला लागतं आणि वीस-पंचवीस मिनिटांनी मशीन बीप-बीप करून थांबतं. सकाळी कधीकधी पूर्ण धुऊन काढतं, संध्याकाळी हमखास अडतं. मेकॅनिक येऊन बघून गेला, म्हणाला, "बोर्ड गेला, साडेपाच हजार लागतील." बोर्ड, म्हणजे मशीनला हुकूम देणारी आतली इलेक्ट्रॉनिक पाटी, नवा टाकू की नवीनच मशीन घेऊ, असा ताईंचा प्रश्न. आणि अगदी शेवटी, जाता जाता, एक ओळ: दिवाळीत मशीन खालच्या मोरीतून वरच्या मजल्यावरच्या मोरीत नेलं.

ताई, बोर्ड टाकू नका. त्या शेवटच्या ओळीतच मला तुमचं दुखणं दिसतंय. का ते नीट सांगतो, म्हणजे पुढच्या वेळी कोणी काही म्हणालं तर तुमचं तुम्हालाच पारखता येईल.

मी बावीस वर्षं जळगाव आणि आजूबाजूच्या तालुक्यांत ही मशीनं उघडतोय. फोनवर तक्रार एकच असते, "भाऊ, मशीन चालत नाही." पण या तीन शब्दांत सात-आठ वेगवेगळी दुखणी असतात. मशीन एका पायरीवरून पुढच्या पायरीवर जाताना काहीतरी तपासतं: पाणी ठरलेल्या पातळीला आलं का, झाकण लागलंय का, पाणी निघून गेलं का, टब डगमगतोय का. ती खूण मिळाली नाही तर ते वाट बघत बसतं आणि ठरलेला वेळ संपला की ओरडतं. म्हणून मी कुणाच्याही घरी गेलो की पेचकस काढायच्या आधी स्टूल मागतो. मशीन चालू करून समोर बसतो आणि ते कोणत्या पायरीला अडतंय ते बघतो. त्यात पंधरा-वीस मिनिटं जातात, पण पुढचं निम्मं काम तिथेच होतं.

तुमच्या मशीनचं बघा. सुरुवातीला कोरड्या कपड्यांवर चाक इकडून तिकडे झटके घेतं. कपडे किती आहेत याचा अंदाज मशीन त्या झटक्यांवरून घेतं आणि पाण्याची पातळी ठरवतं. म्हणजे बटणाचा हुकूम बोर्डानं ऐकला, मोटारीला वीज सोडली, मोटार फिरली, चाक फिरलं. मग पाण्याचा व्हॉल्व्हही उघडला, बारीक का होईना धार पडली. मेलेला बोर्ड एवढी कामं करत नाही. मशीन पाण्याची पातळी गाठायची वाट बघतंय, पातळी वेळेत येत नाही, म्हणून ते बीप देतं.

आता पाणी बारीक का? खाली मशीन होतं तेव्हा गच्चीवरची टाकी दोन मजले वर होती. मशीनच्या मागचं पाण्याचं तोंड जमिनीपासून साधारण तीन फुटांवर असतं. एका मजल्याची उंची दहा फूट धरली तर टाकीचा तळ त्या तोंडापासून सतरा फूट वर. तीन फूट पाणी भरलेलं असेल तर वीस. तुम्ही मशीन वर नेलंत आणि त्यातले दहा फूट गेले. आता टाकी भरलेली असताना दहा फूट, रिकामी होत आली की सात. ३३ फूट उंच पाण्याचा दाब म्हणजे साधारण १ बार. हिशेब करा: पूर्वी तुम्हाला ०.६ बार मिळत होता, आता सकाळी ०.३ आणि संध्याकाळी ०.२. पुष्कळशा मशीनच्या पुस्तिकेत कमीत कमी दाब ०.३ ते ०.५ बारच्या आसपास लिहिलेला असतो, काहींना त्याहून जास्त लागतो. तुमचं मशीन सकाळी चालतं आणि संध्याकाळी अडतं, ते टाकीच्या पातळीबरोबर. मेकॅनिक संध्याकाळी आला असणार.

यात आणखी एक बारीक गोष्ट आहे. हा व्हॉल्व्ह साध्या नळासारखा नसतो. आत रबराचा पडदा असतो, त्याला सुईएवढं छिद्र असतं, आणि पडदा उघडायला आणि नीट मिटायलासुद्धा पाण्याचाच दाब लागतो. दाब फार कमी असला तर तो अर्धवट उघडतो, आणि कधी मशीन बंद असतानाही थेंब-थेंब गळत राहतो. सकाळी टबात वाटीभर पाणी साचलेलं दिसतं का, तेही बघा.

माझं म्हणणं खरं की खोटं ते घरीच ठरवता येतं. संध्याकाळी, ज्या वेळी मशीन हमखास अडतं तेव्हाच, चार कपडे टाकून चालू करा. चाकाचे झटके झाले, धार सुरू झाली की झाकण उघडून बादलीनं पाणी ओता. तीन-चार बादल्या लागतील. पातळी खरंच आली की मशीनच्या आत 'टक्' असा व्हॉल्व्ह बंद झाल्याचा आवाज येईल. झाकण लावा. चाक फिरायला लागलं तर बोर्ड, मोटार, पातळीचा सेन्सर सगळं ठीक आहे, फक्त पाणी कमी पडतंय. धुणं झालं की ते पाणी सोडून परत पाणी मागेल, तेव्हाही तसंच करा. एवढं केलंत तर साडेपाच हजारांचा प्रश्न तुमच्या मोरीतच सुटेल.

दुसरी चाचणी मशीनला हात न लावता. नळाकडून येणारा पाइप मशीनच्या मागून सोडवा आणि दहा लिटरच्या बादलीत धरा. मिनिटभरात बादली भरली तर ठीक. तीन-चार मिनिटं लागली तर मशीनला दोष देऊ नका.

पाइप सोडवलाच आहे तर तिथली जाळी काढून बघा. पाइप जिथे मशीनला लागतो त्या तोंडात नखाएवढी प्लॅस्टिकची जाळी असते, मध्ये पकडायला लहानसा उंचवटा असतो. प्लग काढलेला असू द्या, नळ बंद. पक्कडीनं हळूच सरळ ओढा, पिळू नका. आपल्याकडे ती कशी निघते ते मला डोळे मिटून सांगता येईल: बाहेरच्या बाजूला काळ्या मातीचा गाळ, मेंदीसारखा, त्याखाली बोअरच्या पाण्याच्या क्षारांचा पांढरा थर, आणि कधीकधी टाकीतल्या शेवाळाचा एखादा धागा. उजेडाकडे धरली की अर्ध्याहून जास्त छिद्रं बुजलेली असतात. जुन्या टूथब्रशनं घासा. थर निघत नसेल तर किराणा दुकानातलं लिंबूफूल चमचाभर, वाटीभर कोमट पाण्यात टाकून तासभर त्यात ठेवा. स्वच्छ करून जागच्या जागी परत बसवा. पाणी जोरात यावं म्हणून ही जाळी फेकून दिलेली मी किती घरांत बघितली आहे. मग वाळूचा कण त्या रबरी पडद्यात जाऊन बसतो, व्हॉल्व्ह मिटतच नाही, आणि बंद मशीनमध्ये रात्रभर पाणी भरत राहतं. टाकी धुतल्यावर दुसऱ्या दिवशी जाळी बघायची सवय लावा, कारण ढवळलेला गाळ पहिला तिथेच येतो.

जाळी साफ करूनही संध्याकाळी अडलंच, तर उपाय उंचीचा करावा लागेल. सगळ्यात बिनखर्चाचा म्हणजे मशीन परत खाली आणणं. ते नको असेल तर टाकीपासून मशीनपर्यंत पाऊण इंची पाइपची स्वतंत्र, कमी वळणांची लाइन काढून घ्या. शॉवर, गीझर, संडास सगळ्यांना मिळून एकच अर्धा इंची पाइप असतो आणि प्रत्येक कोपऱ्यावर थोडा दाब जातो. टाकी चार-पाच फूट उंच स्टँडवर घेतली तर ०.१५ बारच्या जवळपास वाढेल, पण हजार लिटरची टाकी म्हणजे एक टन वजन आहे, ते खांब आणि बीमवरच यायला हवं, नुसत्या स्लॅबवर नको. गवंड्याला विचारल्याशिवाय करू नका. नाहीतर त्या एका लाइनवर छोटा प्रेशर पंप बसवा, पाणी मागितलं की आपोआप सुरू होणारा. टाकीचा दाब कमी असला तरी चालणारा आहे का, हे घेताना दुकानदाराला विचारा. कमी दाबावर उघडणारे व्हॉल्व्हही मिळतात, पण तुमच्या मॉडेलला बसतो का ते बघूनच घ्यावा लागतो.

संध्याकाळ म्हटलं की आपल्याकडे दुसरा संशय व्होल्टेजचा. तोही फेटाळून लावत नाही मी. मळ्यातल्या मोटारी सुरू झाल्या की गावात बल्ब पिवळे पडतात, ते सगळ्यांनी पाहिलंय. साध्या मोटारीची ताकद व्होल्टेजच्या वर्गाच्या प्रमाणात पडते. २३० चे १७० झाले तर व्होल्टेज पाऊणच झालं, पण मोटारीची ताकद जवळजवळ निम्मी झाली. मग चाक कपड्यांनिशी उचलत नाही आणि मोटार 'हूंऽऽ' करत तापते. तुमच्या तक्रारीत हा आवाज कुठेच नाही, पाण्याजवळच थांबतंय, म्हणून मी व्होल्टेज मागे ठेवलं. पण ज्यांचं मशीन पाणी भरल्यावर हूं करून थांबतं, त्यांनी त्या क्षणी व्होल्टेज मोजून घ्यावं. ते ठीक असेल तर कंडेन्सर बघावा. १२ मायक्रोफॅरडचा कंडेन्सर मीटरवर ७-८ दाखवत असेल तर मोटारीला सुरुवातीचा धक्का मिळत नाही. चाकाला हातानं जरा गती दिली की फिरतं, अशी तक्रार आली की मी कंडेन्सर खिशात घालूनच निघतो. दीड-दोनशे रुपयांची वस्तू आहे. ती घरी काढायला जाऊ नका, प्लग काढल्यावरही तिच्यात वीज साठलेली राहू शकते. आणि आजकालच्या थेट चाकाला जोडलेल्या इन्व्हर्टर मोटारींत हा कंडेन्सर नसतोच, पट्टाही नसतो, तिथे दुखणं वेगळं.

बाकीच्या पायऱ्या भराभर सांगतो, वाचणाऱ्यांपैकी कुणाचं तरी तिथे अडत असेल.

पाणी येतंय, येतंय आणि पातळी काही भरत नाही, असं असेल तर मशीनमागे जाऊन निचऱ्याच्या पाइपला कान लावा. खळखळ ऐकू आली तर एकीकडून येतंय आणि दुसरीकडून जातंय. वरच्या झाकणाच्या मशीनमध्ये खाली निचऱ्याचा व्हॉल्व्ह असतो, त्यात बटण, नाणं, ब्लाउजचा हूक अडकला की तो मिटत नाही. शेतातून आलेले कपडे तसेच टाकणाऱ्या घरांत तिथे मातीचा गोळा सापडतो. केळीच्या बागेत किंवा कापसात काम केलेले कपडे आधी साध्या पाण्यातून हातानं काढा, मग मशीनमध्ये टाका. केळीच्या चिकाचा डाग तसाही मशीन काढत नाही, पण माती मात्र आत राहते.

उलट, टब काठोकाठ भरला तरी चाक फिरत नसेल तर टबाच्या तळाशी जोडलेली बारीक नळी बघायची. टबातलं पाणी वर चढलं की त्या नळीतली हवा दाबली जाते आणि वरच्या सेन्सरला पातळी कळते. नळी साबणाच्या चिकट गाळानं बुजली किंवा तिला टाचणीएवढं भोक पडलं तरी मशीनला टब रिकामाच वाटतो.

निचरा होत नसेल तर पाइपची उंची बघा, कारण दोन प्रकारांत नियम उलटा आहे. वरच्या झाकणाची पुष्कळ मशीनं पाणी नुसतं उतारानं सोडतात. त्यांचा पाइप जमिनीलगतच हवा, मोरीचा कट्टा ओलांडायला वर उचलला की पाणी तुंबतं. पुढून दार असलेल्या मशीनमध्ये पंप असतो, तिथे पाइपचं टोक साधारण दोन ते सव्वातीन फूट उंचीवर ठेवायचं. खाली टाकलं तर पाणी आपोआप ओढलं जाऊन निघून जातं. या मशीनला खालच्या कोपऱ्यात फिल्टरचं झाकण असतं. पाणी थंड झाल्यावर, खाली परात ठेवून, महिन्यातून एकदा उघडा. हेअरपिन, पाच रुपयांची नाणी, लहान मुलांचे मोजे, सगळं तिथे सापडतं.

धुतं, निचरा करतं, पण पिळायच्या वेळी परत पाणी घेतं आणि गोल-गोल तेच करत बसतं, ही तक्रार मशीन हलवल्यावर फार येते, म्हणून ताई, हे तुमच्यासाठीही आहे. मोरीच्या फरशीला उतार असतो. खाली सपाट जागेत चाललेलं मशीन वर उतारावर ठेवलं की टब एका बाजूला जातो, मशीन ते ओळखतं आणि पाणी घेऊन कपडे परत पसरवायचा प्रयत्न करतं. वरच्या दोन विरुद्ध कोपऱ्यांवर हात ठेवून दाबून बघा, डुगडुगतंय का. डुगडुगत असेल तर पाय फिरवून बसवा आणि त्यावरचा नट घट्ट करा, पुठ्ठ्याच्या घड्या घालू नका, त्या ओल्या होऊन दबतात. एकटी गोधडी किंवा एकच जाड चादर टाकली तरी हेच होतं. सोबत दोन टॉवेल टाका.

झाकणाचा स्विच किंवा पुढच्या दाराचं कुलूप बिघडलं तरी पिळणं सुरू होत नाही. दार लावल्यावर 'टक्' येत नसेल तर तेच. आणि पॅनेलवर 'सीएल' दिसत असेल तर नुसतं चाइल्ड लॉक लागलंय. दोन बटणांच्या मध्ये लहान कुलपाचं चित्र असतं, ती दोन्ही तीन सेकंद दाबून धरली की सुटतं. एलजीच्या मशीनवर 'आयई' म्हणजे पाणी येत नाही, 'ओई' म्हणजे जात नाही, 'यूई' म्हणजे तोल गेला, 'डीई' म्हणजे दार. सॅमसंगवर '४सी' किंवा '४ई' पाण्याचा आणि '५सी' किंवा '५ई' निचऱ्याचा. तुमच्या पॅनेलवर काय अक्षरं येतात ते मेकॅनिकला सांगायच्या आधी मोबाइलमध्ये फोटो काढून ठेवा.

उंदरांबद्दल वेगळं सांगायलाच हवं. कापूस घरात साठवला की आणि पावसाळ्यात शेतं भरली की उंदीर घरात येतात, आणि वरच्या झाकणाचं मशीन खालून उघडं असतं. आत ऊब, अंधार, कुरतडायला वायर. काल चाललं, आज काहीच नाही, असं असेल तर टॉर्च घेऊन खालून बघा. लेंड्या दिसल्या तर मशीन चालू करू नका. वायर जोडता येतात, पण जोड नीट सोल्डर करून स्लीव्ह घालून घ्या, नुसती टेप पाण्याजवळ टिकत नाही. आणि तळाला जाळी लावूनच मशीन परत ठेवा.

मशीनला ओल्या हातानं शिवल्यावर मुंग्या येत असतील तर धुणं तिथेच थांबवा. अर्थिंग नाही किंवा कमजोर आहे. आपल्याकडे मे महिन्यात पारा ४५ च्या वर जातो, काळी माती भेगाळते, अर्थिंगच्या पट्टीपासून सुटते आणि खड्डा असूनही अर्थ मिळत नाही. उन्हाळ्यात त्या खड्ड्यात आठवड्याला दोन-तीन बादल्या पाणी घाला आणि वायरमनकडून तपासून घ्या. पुढच्या दाराच्या मशीनमध्ये हीटरवर क्षार बसून तो फुटला तरी असंच होतं, किंवा पाणी तापवायच्या वेळी घरातला ट्रिप स्विच पडतो. या बाबतीत "चालतंय ना, मग राहू द्या" असं कुणी म्हटलं तरी ऐकू नका. लहान मुलं मोरीत उघड्या पायांनी जातात.

बोर्ड कधीच जात नाही असं मी म्हणत नाही. डीपीवर, म्हणजे गावच्या ट्रान्सफॉर्मरवर, न्यूट्रलची तार तुटली की घरात अचानक ३००-४०० व्होल्ट येतात, तेव्हा बोर्ड जातोच. पाल किंवा मुंग्या आत गेल्या, पॅनेलवर पाणी सांडलं, तरी जातो. पण तो गेलाय हे मीटरनं दाखवता येतं. मशीन पाणी मागत असताना व्हॉल्व्हच्या दोन पिनांवर मीटर धरला आणि २३० च्या आसपास आलं, तर बोर्ड त्याचं काम करतोय. व्हॉल्व्ह काढून त्याची कॉइल मोजली तर साधारण चार हजार ओहम दाखवायला हवी. काहीच दाखवलं नाही तर व्हॉल्व्ह बदलायचा. पिनांवर वीजच येत नसेल आणि मधली वायरही शाबूत असेल, तेव्हा बोर्डाचं नाव घ्यायचं. हे चालू मशीनवरचं मोजमाप मेकॅनिकनंच करायचं, पण तुम्ही शेजारी उभं राहून "भाऊ, मीटर लावून दाखवा" म्हणू शकता. चांगला कारागीर त्याचा राग मानत नाही.

हे मी इतकं का लावून धरतो, त्याला कारण आहे. धंद्यात नवा होतो तेव्हा भुसावळला एका शिक्षकांच्या घरी मी असाच न मोजता बोर्ड बदलला. त्यांनी पगारातून दोन हप्त्यांत पैसे दिले. चार दिवसांनी मशीन परत त्याच जागी थांबलं. गेलो, पाइप सोडवला, तर जाळी दगडासारखी बुजलेली. माझा बोर्ड काढून त्यांचा जुना परत लावला, पैसे परत दिले, आणि त्यांच्या त्याच जुन्या बोर्डावर ते मशीन पुढे सात वर्षं चाललं. त्या मास्तरांचा चेहरा मला आजही आठवतो. तेव्हापासून स्टूल मागतो.

तर ताई, आज संध्याकाळी बादलीची चाचणी करा आणि जाळी काढून बघा. बादलीनं पाणी ओतूनही चाक फिरलं नाही, तर ओतल्यावर व्हॉल्व्हचा 'टक्' आला का, मोटारीचा हूं आला का आणि त्या वेळी व्होल्टेज किती होतं, या तीन गोष्टी लिहून मला कळवा. मेकॅनिकला परत बोलवायचं झालं तर टाकी अर्धी झाल्यावर, संध्याकाळचंच बोलवा, आणि येताना मीटर आणायला सांगा.